नळापर्यंत बोलणारी मुलगी

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि संधिवातानं बोटं वाकल्यापासून अक्षरही धड राहिलेलं नाही. जिथं लागणार नाही तिथं वाचणाऱ्यानं सोडून पुढं जावं.

आमच्या पेंडसे बाईंच्या महिला मंडळाचा दिवाळी अंक निघतो. यंदा त्यांनी निरोप पाठवला, "सिंधूताई, बालवाडीवर चार पानं लिहा. कार्यक्रमात वाचून दाखवू." चारचौघांत आपलं नाव घेतलं जाणार, ते मला नको वाटलं. नाही म्हणून कळवलं. पण एकदा आठवायला लागलं की थांबत नाही, म्हणून घरच्या घरी लिहून ठेवते.

आमची बालवाडी उल्हासनगर आणि अंबरनाथच्या शिवेवर होती. एका अंगाला सिंधी लोकांचे कॅम्प, दुसऱ्या अंगाला कंपन्या, मधे आमच्या चाळी. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. पेंडसे बाई शिकवायच्या आणि मी मदतनीस. मदतनीस म्हणजे झाडायचं, पाणी भरायचं, मटकी उकडायची, कुणी चड्डीत केलं की धुवायचं, कुणी चावलं की दोघांनाही गप्प करायचं. पगाराला मानधन म्हणत, आणि ते तीन-तीन महिने यायचं नाही.

पण खरं काम सकाळचं. मुलं घरोघरून गोळा करून आणायची. वाटेत मोठा रस्ता, त्यावरून कंपन्यांचे ट्रक आणि कॅम्पातले माल भरलेले टेम्पो. एवढी पोरं दोन हातांनी आणायची कशी? म्हणून मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांची वेणी घालून लांब दोर केला होता. हातभर अंतरावर एकेक गाठ आणि प्रत्येक गाठीत वेगळ्या रंगाची चिंधी. ज्याची गाठ त्यानंच धरायची. पुढचं टोक माझ्या हातात. पानवाला रोज ओरडायचा, "आली मावशीची मालगाडी!"

दोर हातात असला की मागं न बघताही कळायचं, कोण ओढतंय, कोण लोंबकळतंय, कोणी गाठ सोडली. विन्या नावाचा एक पोरगा होता, तो सगळा दोरच ओढून न्यायचा. बसायला सांगितलं तर पाट घेऊन पळायचा. घरी मार खायचा, बालवाडीत कोपऱ्यात उभा राहायचा, पण काही फरक नाही. शेवटी मी त्याला सगळ्यांच्या पुढं घेतला आणि हातात पाण्याची कळशी दिली. जड वस्तू हातात असली की पोरगा जरा ताळ्यावर असायचा. असल्या मुलांना मस्ती आलेली नसते, त्यांच्या अंगालाच दम धरवत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर विन्या पाचवीत नापास होऊन जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागला होता.

दुसरा एक मुलगा दारात पोचला की सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावायचा. एखादी वाकडी झाली की डोकं भिंतीवर आपटायचा. कंपनीचा भोंगा झाला की कान दाबून खाली बसायचा. नावानं हाक मारली तर बघायचा नाही, आणि लांब कुणी बिस्किटाचा पुडा फोडला की लगेच बघायचा. त्याच्या आजीनं वाचा फुटावी म्हणून पोपटाचा उष्टा पेरू मिळवून त्याला चारला. बाजारात पोपटवाल्याकडं तासभर उभी राहिली होती बिचारी. पुढं ते कुटुंब गाव सोडून गेलं. त्या मुलाचं काय झालं ते मला माहीत नाही. पुष्कळांचं माहीत नाही. दोन वर्षं आपल्या हातानं शेंबूड पुसायचा आणि मग ते मूल दिसायचंच बंद व्हायचं, असं हे काम.

वैशालीचं मात्र माहीत आहे.

तिची आई शोभा शेवटच्या चाळीत राहायची. बाप प्रकाश केमिकल कंपनीत. मी सकाळी दारात जायची तेव्हा आतून वैशालीची टकळी ऐकू यायची. नुसतं बोलायची नाही, नकला करायची. बापाचा खोकला, शेजारणीचं रडगाणं, सगळं हुबेहूब. सगळ्यात भारी नक्कल जानकी भाभीची. जानकी भाभी म्हणजे आमच्या चाळीत बीसी चालवणारी सिंधी बाई. आम्ही दहा जणी दर महिन्याला तिच्याकडं पन्नास रुपये द्यायचो आणि जिचा नंबर लागेल तिला सगळे पाचशे मिळायचे. पैसे हातावर ठेवले की भाभी डोळे वटारून म्हणायची, "गिन ले! बाद में मत बोलना!" वैशाली कमरेवर हात ठेवून, डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन हे म्हणायची आणि शोभा हसून हसून चहा सांडायची.

मी पिवळी गाठ तिच्या हातात द्यायची. चाळीतून नळापर्यंत ती बडबडत यायची. सार्वजनिक नळ मागं पडला की बंद. पार बंद. ओठ घट्ट मिटलेले आणि चेहरा लाकडासारखा. बालवाडीत तर हूं नाही की चूं नाही. गाण्याला तोंड उघडायची नाही. शू लागली तरी सांगायची नाही, तिथंच व्हायची, आणि मग ओल्या चड्डीवर तशीच बसून राहायची. दुपारी परत येताना नळ आला की आधी एक मोठा श्वास आणि मग सुरू: "मावशी, आज पप्यानं मटकी नाकात घातली."

अशी दोन वर्षं गेली. आम्ही म्हणायचो लाजाळू आहे. मी स्वतः लाजाळू. चार लोकांत मला अजून बोलता येत नाही. मला वाटायचं माझ्यासारखीच आहे, होईल.

पहिलीत नाव घालायला गेले तेव्हा घोटाळा झाला. हेडमास्तरांनी विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" वैशाली गप्प. पुन्हा विचारलं. प्रकाशनं मागून चिमटा काढला. तरी गप्प. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता, पण बाहेर पालकांची रांग होती. म्हणाला, "मुकी आहे हो. आमच्याकडं सोय नाही. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत चौकशी करा. नाहीतर जूनपर्यंत बोलती करून आणा, मी जागा ठेवतो."

जून तीन-साडेतीन महिन्यांवर होता.

घरी आल्यावर प्रकाशनं पट्ट्यानं मारलं. "घरी चुरूचुरू बोलते आणि तिथं माझी इज्जत घालवते. नाटकं करते नुसती." मी दुसऱ्या दिवशी दोर घेऊन गेले तर पोरीच्या पिंढऱ्यांवर वळ उठले होते.

आठ दिवसांनी शोभा माझ्याकडं आली. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की पोरीची जीभ खाली चिकटलेली आहे. जिभेखालचा दोरा कापला की वाचा मोकळी होते. कॅम्प दोनमध्ये एक डॉक्टर ते करतो. खर्च पाचशेच्या आत.

"शोभा, अगं ती घरी बोलते," मी म्हटलं. "जीभ चिकटली असती तर घरी तरी कशी चालली असती?"

"मला कळत नाही का ते?" शोभा एकदम चिडली आणि लगेच रडायला लागली. "हे म्हणतात, घरात हळू बोलायला पुरते, बाहेर मोठ्यानं बोलायला दोरा आखूड पडतो. काहीतरी करायला नको का, सिंधूताई? नुसती मार खाताना बघू तिला?"

त्या महिन्यात बीसीचा माझा नंबर होता. स्वयंपाकघरावरचे पत्रे गळत होते, त्यासाठी मी आठ-नऊ महिने थांबले होते. भाभीनं पाचशे रुपये हातावर ठेवून आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. मी मोजले आणि संध्याकाळी शोभाला दिले. दोरा कापू नये असं मला वाटत होतं, तरी दिले. तिच्यासमोर दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

कॅम्प दोनला मीही बरोबर गेले, कारण वैशालीनं माझा पदर सोडला नाही. दवाखाना बाजारात, खाली प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान आणि वर डॉक्टर. आधी तीनशे ॲडव्हान्स भरून घेतले. मग डॉक्टर म्हणाला, "जीभ बाहेर काढ." तिनं तोंड मिटून घेतलं. कंपाउंडरनं गाल दाबले, चमचा घातला. पोर ना रडली ना ओरडली, नुसती दगडासारखी झाली, आणि खुर्चीखाली शूचं थारोळं झालं. डॉक्टरनं ट्रेमधून काहीतरी चकचकीत उचललं.

"आज नको," मी म्हटलं.

माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. डॉक्टरनं वळून पाहिलं. "आप कौन? माँ हो क्या?"

"नाही. आज नको," मी पुन्हा तेवढंच म्हटलं. मी वैशालीला खुर्चीवरून उचललं आणि जिना उतरले. ॲडव्हान्स परत मिळाला नाही.

रस्त्यात शोभानं मला धुऊन काढलं. "पोर माझी, पैसे माझ्या अंगावर, आणि शहाणपण तुमचं? आता जूनमध्ये तुम्ही बोलून दाखवणार का तिच्या जागी?" तिचं काही चुकलं नव्हतं. उरलेले दोनशे त्याच महिन्यात थकलेल्या भाड्यात गेले. प्रकाश माझ्याशी बोलेनासा झाला. वैशालीला मात्र ते रोज पाठवत राहिले, कारण शोभा कामाला जायची आणि पोरीला ठेवायचं कुठं?

मी पेंडसे बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल काय करायचं, आणि तुम्हाला वाटलं मला." मुंबईच्या एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर बसतात, हे त्यांनी चौकशी करून काढलं. शोभाला तयार करायला आणखी पंधरा दिवस गेले. "मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा," प्रकाश म्हणाला. शेवटी शोभा त्याला न सांगता आली.

त्या डॉक्टरबाईंनी वैशालीला काहीच विचारलं नाही. तिच्यापुढं रंग आणि कागद टाकले आणि आमच्याशी बोलत बसल्या. म्हणाल्या, "हिची जीभ चांगली आहे, कान चांगले, बुद्धी चांगली. हट्ट नाही आणि नाटकही नाही. काही मुलांचा भीतीनं गळाच बंद होतो. घरी बोलतात आणि बाहेर बोलूच शकत नाहीत. तुम्ही बोल बोल म्हणाल तेवढं कुलूप घट्ट बसेल. मारणं बंद. मुकी म्हणणं बंद. बोललीस तर चॉकलेट देईन, हेही बंद."

"मग करायचं काय?" शोभा.

"ती कुठपर्यंत बोलते?"

शोभा माझ्याकडं बघायला लागली. मी खाली मान घालून म्हटलं, "नळापर्यंत."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. नळ कुठं आहे, पुढं काय लागतं, कोण कोण बरोबर असतं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मग नळापासून सुरू करा. फक्त तुम्ही आणि ती. नळाच्या चार पावलं पुढं आवाज गेला की तिथंच थांबा. तो पक्का झाला की आणखी चार. बालवाडीच्या दारापर्यंत पोचलात की मग एक मूल वाढवा. घाई केली की मागं जाल. मागं गेलात तरी पुन्हा नळापासून."

मी मनात म्हटलं, हा माझा दोरच आहे. एका वेळी एक गाठ.

त्या दिवसापासून मी अर्धा तास लवकर निघायला लागले. आम्ही दोघीच, मधे दोर. ती नेहमीसारखी बडबडत यायची आणि मी तिला गोष्ट अर्धी सोडायला भाग पाडायची नाही, नुसती चालत राहायची. नळ ओलांडून एक वाक्य आलं. मग विजेच्या खांबापर्यंत. तिथं आवाज बारीक व्हायचा, माझ्या कानाला लागून. तरी चालेल असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचायला एप्रिल उजाडला. मी बोलायची नाही, पण लक्ष सगळं तिच्यात, आणि परत येऊन बाकीची पोरं गोळा करायची. गुडघे तेव्हापासून धरले ते आजपर्यंत.

गिरणीपाशी घात झाला. वैशाली मला सांगत होती, "मावशी, ते पांढरं भूत बघा," आणि पिठानं माखलेल्या गिरणीवाल्यानं ते ऐकलं. तो चाळीतलाच, त्याला सगळं माहीत. आनंदानं टाळ्या पिटून ओरडला, "अरे बोलली रे बोलली! शोभाची मुकी बोलली!" दळणाला आलेल्या बाया गोळा झाल्या. कुणी गाल ओढले, कुणी म्हणे पुन्हा बोल. संध्याकाळी तिच्या आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि प्रकाश पेढे घेऊन आला. माझ्याही हातावर पेढा ठेवला. दीड महिन्यानं माझ्याशी पहिल्यांदा बोलला, "सिंधूताई, चुकलो."

दुसऱ्या दिवशी ती नळाच्या अलीकडंसुद्धा बोलली नाही. पुढचे कितीतरी दिवस नाही. घरातही आवाज खाली गेला.

कुणाला रागावणार? सगळ्यांना आनंदच झाला होता. बाईंनी घरोघर जाऊन समजावलं: पोर बोलली तर ऐकलं न ऐकल्यासारखं करा. हे आमच्या चाळीला किती अवघड होतं ते ज्यानं चाळ पाहिली त्यालाच कळेल. आमच्याकडं कुणाच्या घरात काय शिजलं ते ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. पण त्या बायांनी केलं. गिरणीवाला तर आम्ही येताना दिसलो की आत जाऊन गिरणीचा पट्टा तपासत बसायचा.

पुन्हा नळापासून.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही बालवाडीच्या रिकाम्या खोलीत दोघी बोलत होतो. मग एक गाठ वाढवली, तिच्या ओळखीचा पप्या. त्याला सांगून ठेवलं होतं की बघायचं नाही. तो बिचारा डोळे मिटून चालायचा आणि मला दोनदा आदळला. आणखी मुलं वाढवायला वेळच उरला नाही. जून आला.

बाईंनी हेडमास्तरांना आधी जाऊन भेटून ठेवलं होतं. रांग नसताना बोलावलं. रिकामा वर्ग, हेडमास्तर खिडकीशी पाठमोरे, आणि दारात आम्ही दोघी. वैशाली पुष्कळ वेळ पिवळ्या चिंधीशी खेळत बसली. मी दोर बरोबर नेला होता. मग तिनं माझा कान ओढून खाली घेतला आणि कानात नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव.

"सांगितलं का?" हेडमास्तर वळले नाहीत.

"सांगितलं," मी म्हटलं.

"मग घेतो नाव. कानात तर कानात."

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिली दोन वर्षं वर्गात ती एकाच मैत्रिणीशी कुजबुजायची. तोंडी परीक्षेला शून्य मिळायचं. मास्तर बदलले की नव्यानं समजवावं लागायचं. काही समजायचे, काही छडी उचलायचे. चौथीनंतर शोभाचं कुटुंब बदलापूरच्या कात्रपला गेलं, एका खोलीचं घर घेतलं. मीही पुढं चाळ सोडली. बालवाडी बंद झाली आणि आम्ही स्टेशनच्या पलीकडं मुलाकडं राहायला आलो.

पाचशे रुपये शोभा विसरली नाही. मी मागितले नव्हते. मला ते जमलंच नसतं. ॲडव्हान्स माझ्यामुळं बुडाला असं मला वाटायचं, म्हणून मी एकदा राहू दे म्हटलंही होतं. तर म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला नाही नाही ते बोलले. ते परत घेता येत नाही, पैसे तरी घ्या." कधी वीस, कधी दहा, कधी दिवाळीला पन्नास. माझ्या पत्र्यांवर दोन पावसाळे मी प्लास्टिक टाकून काढले, हेही तिला माहीत होतं. ती बदलापूरला गेल्यावर मात्र येणं थांबलं. शंभर रुपये राहिले होते आणि मी ते सोडून दिले होते.

एका दुपारी दार वाजलं. दारात शाळेच्या ड्रेसमधली उंच मुलगी, घामाघूम, दोन वेण्या. ओठांवरून ओळखली. अजूनही तसेच मिटलेले.

आत घेतलं, पाणी दिलं. शोभाला बरं नव्हतं म्हणून तिला एकटीला पाठवलं होतं. तिला माहीत होती ती आमची जुनी चाळ. मी चमकलेच. चाळीतून इथवर म्हणजे रेल्वेचा पूल, बाजार, मग एकसारख्या दिसणाऱ्या आमच्या चार इमारती, आणि खाली नावाची पाटी नाही.

"वैशाली, घर कसं सापडलं गं?"

तिनं पेला खाली ठेवला. "विचारत आले."

"कुणाला?"

"गिरणीवाल्याला. मग रिक्षावाल्याला. मग खाली एक काका होते त्यांना." पेला बाजूला सरकवत म्हणाली, "रिक्षावाल्याला दोनदा विचारावं लागलं. पहिल्यांदा आवाजच आला नाही."

मला अजूनही अनोळखी रिक्षावाल्याला विचारवत नाही, मी मुलाला पुढं करते. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. फार कौतुक करायचं नाही, हे लक्षात होतं.

जाताना तिनं दप्तरातून रुमालात बांधलेले पैसे काढले, दहा-दहाच्या नोटा, आणि माझ्या हातावर ठेवले. मग ओढणी डोक्यावर घेतली, कमरेवर हात ठेवला आणि डोळे वटारले.

"गिन ले! बाद में मत बोलना!"

जिन्यावरून जाणारी शेजारीण दचकून थांबली. वैशालीनं तिच्याकडं पाहिलं आणि हात कमरेवरून काढला नाही.

मी तिच्यासमोर पैसे मोजले. शंभर होते. पूर्ण फिटले.